रक्तात सापडलेल्या दोन पेशी

प्रश्न : माझ्या बाबांचं वय ६४. आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही, तरी उजव्या फुप्फुसात ३.४ सेंटिमीटरची गाठ निघाली. सात आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून वरचा लोब काढला. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ‘ॲडिनोकार्सिनोमा, स्टेज १ बी, मार्जिन क्लिअर, एकाही लिम्फ नोडमध्ये कॅन्सर नाही’ असं आहे (ॲडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, मार्जिन म्हणजे काढलेल्या भागाच्या कडा). सर्जन म्हणाले, आता फक्त वेळच्या वेळी तपासणीला यायचं. आमचा जीव भांड्यात पडला होता. पण ऑपरेशननंतर रक्तात कॅन्सरच्या पेशी उरल्यात का, हे कळतं असं दादाने कुठेतरी वाचलं. पाचव्या आठवड्यात ‘शुगर बघायची आहे’ असं सांगून त्याने बाबांचं रक्त काढून घेतलं आणि एका खासगी लॅबकडे पाठवलं. रिपोर्ट आला : साडेसात मिलिलिटर रक्तात २ सीटीसी, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी, खाली लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’. दादा म्हणतो, ताबडतोब केमो सुरू करा. सर्जन म्हणाले, या कागदावर मी काहीही सुरू करणार नाही, आणि दोन मिनिटांत विषय संपवला. वहिनीचं मत, दर महिन्याला टेस्ट करत राहू. चुलतभाऊ म्हणतो, ही नको, डीएनएवाली करा. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. ते रोज फिरायला जातात आणि ‘बरा झालो’ म्हणून सगळ्यांना फोन करतात. मी कुणाचं ऐकू? आणि आम्ही भावंडांनीही ही टेस्ट करून घ्यावी का? दादा ४१ वर्षांचा आहे आणि सिगारेट ओढतो.
— एक लेक

उत्तर : केमोच्या बाबतीत सर्जनचं ऐका. बाबांसारखी गाठ, बाबांसारखी स्टेज आणि हातात फक्त असा रिपोर्ट, एवढ्यावर केमो द्यायची पद्धत नाही, आणि त्याला कारणं आहेत. ती सविस्तर सांगते, कारण दोन मिनिटांत विषय संपवला हे मलाही पटलं नाही. घाबरलेल्या माणसाला ‘दुर्लक्ष करा’ एवढंच सांगितलं की तो दुर्लक्ष करत नाही, दुसरीकडे जातो. दादाही तेच करील अशी शंका येते.

पण त्याआधी एक घाईची गोष्ट. तुमच्या पत्रात स्टेज आहे, मार्जिन आहे, नोड आहेत. काढलेल्या गाठीची ईजीएफआर या जनुकासाठी तपासणी झाली की नाही, याचा मात्र उल्लेख नाही. ती झाली असेल तर उत्तम. नसेल, तर याच आठवड्यात विचारा. रक्तातल्या त्या दोन पेशींपेक्षा या तपासणीवर बाबांचं पुढचं जास्त अवलंबून असू शकतं. तिच्याकडे खाली येतेच.

आता सीटीसी. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी असतात, हे जुनं ज्ञान आहे. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरने कॅन्सरने मृत्यू झालेल्या एका रुग्णाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि गाठीतल्या पेशींसारख्याच दिसणाऱ्या पेशी त्यात असल्याची नोंद केली. त्या मोजता येण्यासाठी मात्र सव्वाशेहून जास्त वर्षं जावी लागली, कारण प्रमाण फारच व्यस्त आहे. एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी आणि ४० लाख ते १ कोटी १० लाख पांढऱ्या पेशी असतात. त्यात कॅन्सरची पेशी असलीच तर एखाद-दुसरी.

ती शोधायच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत पेशीच्या पृष्ठभागावरच्या एपकॅम नावाच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं चुंबकीय कणांवर बसवतात आणि चुंबकाने त्या पेशी ओढून घेतात. मग रंग देऊन बघतात : केंद्रक हवं, सायटोकेरॅटिन हे गाठीच्या पेशींमधलं प्रथिन हवं, आणि सीडी४५ हे पांढऱ्या पेशींचं चिन्ह नको. सेलसर्च नावाची अशी यंत्रणा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मान्य केली, पुढे मोठ्या आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरसाठीही. साडेसात मिलिलिटर हे माप तिथूनच रूढ झालं. स्तन आणि प्रोस्टेटच्या बाबतीत ५ किंवा त्याहून जास्त पेशी, आतड्याच्या बाबतीत ३ किंवा जास्त, अशी तिची सीमारेषा आहे. फुप्फुसाचं नाव त्या यादीत नाही. फुप्फुसातून सुटलेल्या पेशी बऱ्याचदा आपलं रूप बदलतात आणि एपकॅम टाकून देतात, मग चुंबकाला त्या सापडणार कशा? म्हणून दुसरी पद्धत : रक्त बारीक छिद्रांच्या गाळणीतून जाऊ द्यायचं आणि आकाराने मोठ्या पेशी वर अडकतात त्या बघायच्या. यात रूप बदललेल्या पेशीही सापडतात, पण सगळ्याच अडकलेल्या पेशी कॅन्सरच्या नसतात, आणि शेवटी कुणीतरी डोळ्यांनी बघून ‘ही हो, ही नाही’ ठरवायचं असतं.

बाबांचं रक्त यांपैकी कुठल्या पद्धतीने तपासलं, ‘हाय रिस्क’ ठरवायची रेषा किती पेशींवर आखली, आणि ती रेषा ऑपरेशन झालेल्या फुप्फुसाच्या रुग्णांवर पडताळली होती का, की दुसऱ्याच कॅन्सरवरून उचलली? हे तीन प्रश्न लॅबला लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर लाल अक्षरांचं वजन किती धरायचं हे दादालाही कळेल. (धोक्याचा अंदाज सांगणाऱ्या कागदावर लाल शाई वापरायची कल्पना ज्याला सुचली, त्याने एकदा तो कागद स्वतःच्या वडिलांच्या नावाने वाचून बघावा.)

आकडा २ आहे, याचाही विचार करा. इतक्या लहान आकड्यात नशिबाचा भाग मोठा असतो. समजा, बाबांच्या रक्तात खरोखरच सरासरी साडेसात मिलिलिटरला दोन पेशी आहेत. तरी त्याच दिवशी, त्याच हातातून दुसरी नळी भरली असती, तर साधारण सातांतून एकदा तिच्यात शून्य निघालं असतं, आणि तितक्याच वेळा चार किंवा त्याहून जास्त. बाबांच्या शरीरात काहीही न बदलता. वहिनींची दर महिन्याची सूचना मला यासाठीच नको वाटते. या महिन्यात २, पुढच्या महिन्यात ०, घरात पेढे. तिसऱ्या महिन्यात ४, पुन्हा रडारड. हे चढउतार पुष्कळदा मोजणीचेच असतील.

मग या पेशींना काहीच अर्थ नाही का? आहे. रक्तात शिरलेली कॅन्सरची पेशी तिथे फार काळ टिकत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ काढल्यानंतर मोजलं तेव्हा अशा पेशींचं अर्धायुष्य १ ते २.४ तास निघालं होतं. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हाताळणीत ज्या पेशी रक्तात सुटल्या असतील, त्या पाचव्या आठवड्यापर्यंत फिरत राहणार नाहीत. पाचव्या आठवड्यात खरोखर कॅन्सरची पेशी सापडली असेल, तर ती कुठून तरी नव्याने आलेली आहे. दादाच्या भीतीला एवढा आधार आहे, आणि तो मी लपवणार नाही. बऱ्याच अभ्यासांत ऑपरेशननंतर रक्तात सीटीसी सापडलेल्या गटात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण न सापडलेल्या गटापेक्षा जास्त दिसलं आहे.

पण गट वेगळा आणि बाबा वेगळे. रक्तात आलेल्या पेशींपैकी बहुतेक मरतात. काही प्रवाहाच्या ताणाने फुटतात, काहींना प्रतिकारशक्ती गाठते, काही दुसऱ्या अवयवात पोचूनही तिथे वाढत नाहीत. स्टीफन पॅजेट या ब्रिटिश सर्जनने १८८९ मध्येच बी आणि जमिनीची उपमा देऊन हे मांडलं होतं : बी सगळीकडे पडतं, उगवतं ते मानवेल अशा जमिनीतच. दोन पेशी म्हणजे दोन नव्या गाठी, असा हिशेब नसतो.

या क्षेत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा अभ्यास ब्रिटनमधल्या ट्रेसर-एक्स प्रकल्पातला आहे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या १०० रुग्णांमध्ये ऑपरेशन चालू असतानाच फुप्फुसातून हृदयाकडे जाणाऱ्या शिरेतून रक्त घेतलं. ४८ टक्के रुग्णांत सीटीसी सापडल्या, आणि ज्यांच्यात त्या जास्त होत्या त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त होतं. एका रुग्णाच्या बाबतीत तर शिरेतल्या पेशींमधले जनुकीय बदल दहा महिन्यांनी उगवलेल्या गाठीतल्या बदलांशी ९१ टक्के जुळले. मूळ गाठीशी ७९ टक्के. म्हणजे पुढे त्रास देणारी शाखा ऑपरेशनच्या दिवशीच रक्तात उतरलेली होती. हे वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल. पण ते रक्त गाठीच्या दारातलं होतं, हाताच्या शिरेतलं नव्हतं. हातापर्यंत येईस्तोवर रक्त हृदयातून आणि पुढे केशवाहिन्यांच्या जाळ्यातून गेलेलं असतं, कितीतरी पेशी वाटेतच अडकतात. शिवाय त्या अभ्यासातही त्या आकड्यावरून कुणाचा उपचार बदलला नव्हता. तो अंदाजाचा अभ्यास होता, उपायाचा नव्हे.

आणि खरी अडचण इथेच आहे. धोका कळला म्हणून तो टाळता येतो, असं दादाने गृहीत धरलंय. आपण सगळेच तसं धरतो. पण हे गृहीत एकदा मोठ्या कष्टाने तपासून झालंय. पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ज्या स्त्रियांच्या रक्तातल्या सीटीसी केमोच्या पहिल्या फेरीनंतरही कमी झाल्या नाहीत, त्यांना दोन गटांत विभागलं. एका गटाची केमो लगेच बदलली, दुसऱ्याची तीच चालू ठेवली. २०१४ मध्ये निष्कर्ष आला : दोन्ही गटांच्या आयुष्यमानात फरक नाही. आकडा खरा होता, ज्यांच्या पेशी उतरल्या नाहीत त्यांचं पुढे खरोखरच वाईट झालं. पण त्या आकड्यावरून औषध बदलून ते टळलं नाही.

उलटंही घडलंय, तेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांत ऑपरेशननंतर रक्तातल्या कॅन्सरच्या डीएनएवरून केमो द्यायची की नाही हे ठरवलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नेहमीच्या पद्धतीने २८ टक्के रुग्णांना केमो मिळाली, रक्ताच्या टेस्टवर चाललेल्या गटात फक्त १५ टक्क्यांना, आणि दोन वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं राहिलं. त्या टेस्टने कितीतरी लोकांची केमो वाचवली. अशी टेस्ट मला आवडते. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सीटीसी मोजून उपचार बदलल्यामुळे रुग्ण जास्त जगले, असं दाखवणारा एकही मोठा अभ्यास आज हातात नाही.

राहिला केमोचा प्रश्न. ऑपरेशननंतरच्या सिस्प्लॅटिनयुक्त केमोच्या पाच मोठ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २००८ मध्ये झाला. सगळ्या स्टेज मिळून पाच वर्षांच्या जगण्यात ५.४ टक्क्यांची भर पडली. ती मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांमुळे. १ बी मध्ये ठाम फायदा दिसला नाही, आणि १ ए मध्ये तर कल नुकसानीकडे होता. सिस्प्लॅटिन म्हणजे उलट्या, मूत्रपिंडावर ताण, कानात कायमचा आवाज, बोटांना मुंग्या. चौसष्टीचे, रोज फिरायला जाणारे बाबा हे सोसतीलही. पण सोसायचं कशासाठी, याचं उत्तर दादाने द्यायला हवं. ‘काहीतरी केलं’ हे समाधान मुलाचं असतं, मुंग्या वडिलांच्या बोटांना येतात. आंतरराष्ट्रीय स्टेजिंगच्या आठव्या आवृत्तीसाठी जमवलेल्या आकडेवारीत ऑपरेशन झालेल्या १ बी रुग्णांपैकी ७३ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, आणि उरलेल्यांमध्ये दुसऱ्या आजारांनी गेलेलेही मोजलेले आहेत. हा आकडाही दादापुढे ठेवा.

आता ईजीएफआर. हे एक जनुक आहे, आणि त्यातल्या विशिष्ट बदलांमुळे काही फुप्फुसाच्या गाठी वाढतात. ॲडिनोकार्सिनोमा, आणि त्यातही कधीच धूम्रपान न केलेला माणूस : हा बदल सापडायची शक्यता ज्यांच्यात सगळ्यात जास्त, त्या गटात बाबा तंतोतंत बसतात. १ बी ते ३ ए स्टेजच्या, पूर्ण गाठ काढलेल्या आणि या जनुकातला एक्झॉन १९ चा लोप (एक तुकडा गळणं) किंवा एल८५८आर नावाचा बदल असलेल्या रुग्णांवर अडाउरा नावाचा मोठा अभ्यास झाला. ऑसिमर्टिनिब ही गोळी रोज एक, तीन वर्षं. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के जिवंत होते, न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के. इथे अंदाज आणि उपाय दोन्ही एका धाग्यात आहेत : तपासणी करा, बदल सापडला तर औषध आहे, औषधाने माणसं जास्त जगली. गोळीलाही त्रास आहेतच, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात, त्वचेवर पुरळ येतं, अधूनमधून हृदय तपासावं लागतं. पण निर्णय पुराव्यावर उभा असतो.

‘याच आठवड्यात’ म्हणाले ते यासाठी, की त्या अभ्यासात केमो न घेतलेल्या रुग्णांना ऑपरेशनपासून दहा आठवड्यांच्या आत सामील करून घेतलं होतं. तुमचे सात गेले. दहावा आठवडा उलटला की दार बंद झालं असं नाही, पण रेंगाळू नये. नव्याने सुई टोचायची गरजही नाही. काढलेल्या गाठीचे मेणातले ठोकळे पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेले असतात, त्यावरच ही तपासणी होते. सर्जनना विचारा आणि मेडिकल ऑन्कोलॉजिस्टची भेट मागा. औषधोपचाराचा निर्णय मुख्यतः त्यांच्या हातातला. दादाची सगळी धावपळ मी या कामाला लावली असती.

चुलतभावाची डीएनएवाली टेस्ट सीटीसीपेक्षा वेगळी आहे. मरणाऱ्या पेशींमधून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात फिरतात, ते ती शोधते. चांगल्या प्रकारात आधी गाठीतले बदल वाचतात आणि मग नेमके तेच रक्तात शोधतात. फुप्फुसाच्या बाबतीत ती सीटीसीच्या पुढे गेली आहे असं माझं मत आहे. ट्रेसर-एक्सच्याच २०१७ मधल्या कामात कॅन्सर परत आल्याची खूण सीटी स्कॅनच्या आधी रक्तात दिसली; मधलं अंतर मध्यकाने (निम्म्यांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ७० दिवसांचं, कुणाच्या बाबतीत १० तर कुणाच्या बाबतीत ३४६. पण तिचेही सापळे आहेत. लहान, सुरुवातीचा कॅन्सर फार कमी डीएनए सोडतो, म्हणून ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. ॲडिनोकार्सिनोमात तर जास्तच. आणि वय वाढतं तसे रक्ताच्या पेशींमध्येही स्वतःचे जनुकीय बदल साठतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या तपासल्या नाहीत, तर ते बदल कॅन्सरचे समजले जाऊ शकतात. ७० दिवस आधी कळून त्या ७० दिवसांत करायचं काय, हा प्रश्न इथेही शिल्लकच. एखाद्या संशोधनात, पुढे काय करायचं हे आधीच ठरलेलं असताना ती टेस्ट होत असेल तर बाबांना जरूर विचारा. घरगुती कुतूहलासाठी नको.

नियमित तपासणी मात्र चुकवू नका. कॅन्सर परत यायचा तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, म्हणून त्या काळात साधारण दर सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि छातीचा सीटी, पुढे वर्षातून एकदा कमी मात्रेचा सीटी, असा प्रघात आहे. सीटीचा आणखी एक उपयोग कुणी सांगत नाही : एकदा फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या माणसाला दुसरा, पूर्णपणे नवा कॅन्सर व्हायचा धोका दर वर्षी १ ते २ टक्के असतो, आणि तो लवकर सापडला तर पुन्हा काढता येतो. पण सीटीलाही देव्हाऱ्यात बसवू नका. फ्रान्समध्ये १,७७५ रुग्णांत सीटीवर आधारलेली देखरेख आणि नुसत्या एक्स-रेवरची देखरेख यांची तुलना झाली. २०२२ च्या निष्कर्षात एकूण जगण्यात खात्रीचा फरक निघाला नाही. म्हणून दोन भेटींच्या मध्ये जादा स्कॅनसाठी हट्ट नको. त्याऐवजी लक्षणांकडे लक्ष असू द्या : न थांबणारी डोकेदुखी, हाडात एकाच जागी नव्याने सुरू झालेलं आणि रात्री वाढणारं दुखणं, खोकल्यातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, हातापायातली नवी कमजोरी. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

या लक्षणांकडे लक्ष ठेवायचं कुणी? बाबांनीच. आणि ते तर शुगर तपासली या समजुतीत आहेत.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच. रक्त बाबांचं, आजार बाबांचा, आणि रिपोर्ट घरात फक्त त्यांनाच माहीत नाही. ऑसिमर्टिनिब निघालंच तर ‘ही ताकदीची गोळी’ म्हणून तीन वर्षं देणार आहात का? कॅन्सरचं ऑपरेशन झालंय हे त्यांना माहीत आहे, ते सोसून ते फिरायला जाताहेत. त्यांच्यात ऐकायचं बळ आहे असं धरायला हरकत नाही. आणि नाही सांगितलं तरी एक दिवस फाइल त्यांच्या हातात पडेलच. तेव्हा दोन पेशींपेक्षा पोरांनी फसवल्याचं दुःख मोठं होईल.

सांगावं दादाने, कारण रक्त त्याने घेतलं. तुम्ही शेजारी बसा, बाकीची मंडळी नकोत. शब्द साधे असू द्या : “बाबा, त्या दिवशी शुगर नव्हती बघितली. मला भीती वाटत होती म्हणून कॅन्सरची एक नवी टेस्ट केली. त्यात दोन पेशी आहेत असं आलंय. डॉक्टर म्हणतात यावरून उपचार बदलायचा नसतो. पण गाठीची एक तपासणी राहिलीये का ते आपण विचारायला जाऊ. तुम्हाला न विचारता केलं, चुकलं.” एवढं पुरे. पुढचे प्रश्न ते विचारतील तसे. ‘काही होत नाही हो’ असं घाईने म्हणू नका, आणि ऑन्कोलॉजिस्टकडे जाताना बाबांना बाहेरच्या खुर्चीवर बसवून तुम्ही आत जाऊ नका. पुढची कुठलीही रक्ताची टेस्ट करायची की नाही, हे मग त्यांना ठरवू द्या. काही माणसांना प्रत्येक आकडा हवा असतो, काहींना नको असतो. बाबा कुठल्या प्रकारातले, हे तुम्हा दोघांनाही माहीत नाही, कारण अजून कुणी विचारलेलंच नाही.

दादावर फार चिडू नका. त्याने केलं ते चुकीच्या रीतीने केलं, पण वडिलांसाठी काही करता येईना म्हणून केलं. त्याला लॅबचे तीन प्रश्न आणि ठोकळ्यांचा पाठपुरावा सोपवा.

शेवटी तुमचा स्वतःबद्दलचा प्रश्न. नको, दोघांनीही करू नका. याची एक फार बोलकी हकिकत आहे. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातल्या संशोधकांनी धूम्रपानामुळे दमलेली फुप्फुसं, म्हणजे सीओपीडी, असलेल्या १६८ जणांचं रक्त तपासलं. पाच जणांत सीटीसीसारख्या पेशी सापडल्या, आणि पुढच्या एक ते चार वर्षांत त्या पाचही जणांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. जगभर बातम्या झाल्या. मग हीच गोष्ट सहाशेहून जास्त लोकांवर, अनेक केंद्रांत पडताळून पाहिली. २०२० मध्ये उत्तर आलं : ही टेस्ट ज्यांना कॅन्सर होता त्यांच्यापैकी जेमतेम २६ टक्क्यांना ओळखू शकली. चारांपैकी तिघांना ती ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवणार, आणि ते निर्धास्त राहणार.

दादाला रक्ताच्या टेस्टची नाही, सिगारेट सोडायची गरज आहे. नुसत्या निश्चयाने जमत नसेल तर डॉक्टरांकडे जावं, निकोटिनचे पॅच आणि व्हॅरेनिक्लिनसारखी औषधं आहेत, त्यांनी शक्यता वाढते. सिगारेट चालूच राहिली, तर पन्नाशीनंतर कमी मात्रेच्या सीटीबद्दल त्याने विचारावं. भरपूर धूम्रपान केलेल्या ५५ ते ७४ वयाच्या लोकांत त्या तपासणीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, हे २०११ मध्ये अमेरिकेतल्या त्रेपन्न हजारांहून जास्त लोकांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. तुम्ही सिगारेट ओढत नसाल, तर तुम्हाला सध्या ना रक्ताची टेस्ट हवी, ना सीटी.